फोटो डाउनलोड होतात पण उघडत नाहीत: कॉमन्सवरून चित्रं फोल्डरमध्ये आणताना

तुमची अडचण मला कळली ती अशी. वाचनालयातल्या प्रदर्शनासाठी रायगडाचे फोटो हवेत, म्हणून विकिमीडिया कॉमन्स या फोटोंच्या मुक्त संग्रहातल्या रायगडाच्या वर्गातून (कॅटेगरीतून) ते डाउनलोड करायला पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिलीत. फोल्डर भरला, पण बऱ्याच फायली उघडत नाहीत, उघडतात त्या टिकलीएवढ्या, आणि मध्येच नेट गेलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आधी न उघडणारी एखादी फाइल नोटपॅडमध्ये उघडा. अगदी वर ‘डॉकटाइप एचटीएमएल’ दिसेल. म्हणजे ते चित्र नव्हेच, अख्खं वेबपान आहे आणि त्याला जेपीजी असं नाव पडलंय. कॉमन्सवर हे हमखास होतं, कारण तिथे फोटोच्या माहितीपानाचा पत्तासुद्धा जेपीजीनेच संपतो. ‘फाइल’ आणि अपूर्णविराम, मग नाव, शेवटी जेपीजी. आत मात्र सगळं एचटीएमएल. ज्या लिंकच्या शेवटी जेपीजी ते चित्र, असा तुमच्या स्क्रिप्टचा हिशेब आहे, तिथेच ती फसते. सर्व्हर उत्तरासोबत कंटेंट-टाइप, म्हणजे आत काय आहे ते, पाठवतो. तो ‘इमेज’ने सुरू होत असेल तरच फाइल लिहायची. तेवढ्यावर समाधान नसेल तर पहिले बाइट तपासा. जेपीजीचे पहिले तीन हेक्समध्ये एफएफ, डी८, एफएफ असेच असतात. पीएनजीत आधी ८९ आणि मग पी, एन, जी ही अक्षरं.

टिकलीएवढ्या फोटोंचं कारण वेगळं आहे. वर्गाच्या पानावर दिसतात ती थंबनेल, म्हणजे फोटोंच्या छोट्या प्रती. त्यांचा पत्ता वाचून बघा: कॉमन्सनंतर ‘थंब’, मग एका अक्षराचा फोल्डर, मग दोन अक्षरांचा, मग फाइलचं नाव, आणि शेवटी पुन्हा तेच नाव, फक्त त्याच्या आधी पिक्सेलमधली रुंदी. ‘थंब’ आणि शेवटचा तुकडा काढून टाकला की मूळ फोटोचा पत्ता मिळतो. बरेच जण हाच जुगाड करतात. चालतो, पण मी सुचवणार नाही.

कारण कॉमन्सला एपीआय (स्क्रिप्टने थेट माहिती मागायची सोय) आहे, आणि एपीआय असताना पान खरवडत बसणं म्हणजे उगाच काम वाढवून घेणं. ब्यूटिफुल सूप ही पानं खरवडायची लायब्ररी बाजूला ठेवा. एपीआयला जनरेटर म्हणून ‘कॅटेगरीमेंबर्स’ द्या, त्यात फक्त फायली मागा आणि प्रॉप म्हणून ‘इमेजइन्फो’ लावा. प्रत्येक फोटोचा खरा पत्ता, आकार, माइम प्रकार (फाइल कोणत्या जातीची ते), छायाचित्रकाराचं नाव आणि परवाना सगळं जेसन या स्क्रिप्टला सहज वाचता येणाऱ्या रूपात हातात येतं. हवी ती रुंदी सांगितलीत तर त्या मापाच्या प्रतीचा तयार पत्ताही मिळतो. पडद्यावर दाखवायला १२८० पिक्सेल पुष्कळ झाले. मोठं छापायचं असेल तरच मूळ फाइल घ्या, पॅनोरामा वगैरे असला तर एकेक फाइल कित्येक एमबींची निघते. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. उत्तर तुकड्यातुकड्यांनी येतं, त्यातला ‘कंटिन्यू’ पुढच्या विनंतीत जोडला नाहीत तर पहिल्या तुकड्यावरच गाडी थांबते. आणि उपवर्गांतले फोटो आपोआप येत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी फेरी मारावी लागते.

विनंती पाठवताना यूजर-एजंट, म्हणजे विनंती करणाऱ्याची ओळख, स्वतःचा द्या: स्क्रिप्टचं नाव आणि संपर्काचा ईमेल. विकिमीडियाचा तसा नियमच आहे. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीचा आयता यूजर-एजंट ठेवलात तर ४०३ (परवानगी नाही) पदरात पडू शकतो. दहा थ्रेड लावून एकदम ओढू नका, एकामागून एक घ्या. ४२९ (फार विनंत्या झाल्या) आला तर उत्तरातल्या ‘रिट्राय-आफ्टर’मध्ये जितके सेकंद सांगितलेत तितकं थांबा. तो सर्व्हर देणग्यांवर चालतो, आपल्याला कसली घाई आहे? आणि टाइमआउट (उत्तराची किती वेळ वाट बघायची ते) आठवणीने लिहा. रिक्वेस्ट्स आपणहून टाइमआउट लावत नाही. पलीकडून उत्तर आलंच नाही तर स्क्रिप्ट रात्रभर तशीच ताटकळत बसेल.

आता फायलींची नावं. इथे मराठी माणसाला जरा जास्तच भोगावं लागतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं, आणि पत्त्यात शिरताना प्रत्येक बाइटची टक्क्याच्या चिन्हासकट ३ अक्षरं होतात. ‘रायगड’मध्ये काना धरून ५ चिन्हं, म्हणजे पत्त्यात ४५ अक्षरं! लिनक्सवर फाइलच्या नावाला साधारण २५५ बाइटची मर्यादा असते, त्यामुळे ‘रायगडावरील जगदीश्वर मंदिराचे प्रवेशद्वार’ असलं नाव डीकोड न करता वापरलंत तर फाइल बनतच नाही. पायथनच्या ‘अनकोट’ फंक्शनने ते सरळ करता येतं. पण विंडोजवर प्रश्नचिन्ह आणि दुहेरी अवतरण चालत नाही, कॉमन्सवर चालतं. शिवाय विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांतला फरक सहसा कळत नाही, त्यामुळे दोन वेगळे फोटो एकावर एक लिहिले जातात आणि एररही येत नाही. म्हणून मी नावाच्या भानगडीत पडतच नाही. एपीआय प्रत्येक फाइलचा पेज-आयडी देतो, तो आकडा हेच फाइलचं नाव. मूळ शीर्षक, छायाचित्रकार, परवाना आणि माहितीपानाची लिंक एका सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्यात). ती सीएसव्ही पायथनमधून ‘यूटीएफ-८-सिग’ने लिहा, नाहीतर एक्सेल मराठीचा चक्काचूर करून दाखवतं.

ही सीएसव्ही हौसेखातर नाही. कॉमन्सवरचे बरेच फोटो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतात आणि त्यातल्या बहुतेकांना खाली श्रेय द्यावंच लागतं. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री ‘हा टकमक टोकाचा फोटो कुणाचा?’ म्हणून शोधत बसण्यापेक्षा आत्ताच नोंदलेलं बरं.

पहिल्यापासून सुरू होण्यावर उपाय सोपा आहे. डाउनलोड चालू असताना फाइलच्या नावाला ‘पार्ट’ असं शेपूट लावा, पूर्ण उतरली आणि आकार सर्व्हरने सांगितलेल्या कंटेंट-लेंग्थशी जुळला की मगच खरं नाव द्या. सुरुवातीला खऱ्या नावाची फाइल आहे का बघा, असेल तर पुढे चला. वीज गेली, नेट गेलं, तरी स्क्रिप्ट पुन्हा चालवली की राहिलेलेच फोटो येतात. एपीआय शा-१ (फाइलमधल्या बाइटवरून काढलेला ठसा) पण देतो, त्यावरून तपासणी आणखी पक्की होते, पण तो मूळ फाइलचा असतो. १२८० पिक्सेलची प्रत घेतलीत तर जुळणार नाही, तेव्हा घाबरू नका.

हीच स्क्रिप्ट दुसऱ्या एखाद्या साइटवर चालवायची झाली तर एपीआय असेलच असं नाही. तिथे चित्राच्या टॅगमधल्या ‘एसआरसी’मध्ये नुसतं राखाडी चित्र आणि खरा पत्ता ‘डेटा-एसआरसी’ किंवा ‘एसआरसीसेट’मध्ये, हा प्रकार फार दिसतो. अर्धवट पत्ते ‘यूआरएलजॉइन’ने पूर्ण करा, आणि त्याआधी त्या साइटची रोबॉट्स फाइल (स्क्रिप्टनी कुठे जाऊ नये ते सांगणारी) आणि अटी वाचा.

आता सगळा वर्ग लगेच ओढू नका. आधी काहीच सेव्ह न करता नुसते पत्ते आणि माइम प्रकार प्रिंट करून बघा, मग पाचच फोटो घ्या, ते उघडले की मर्यादा काढा. यूजर-एजंट बदलूनही ४०३ येत राहिला तर ती ओळ (ईमेल झाकून) आणि सर्व्हरकडून आलेला मजकूर इथे टाका, बघून सांगतो.