उलटा फिरणारा वॉल्व्ह : नव्या मुख्याधिकाऱ्यास एक पत्र

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. आपल्याच खानदेशात, तालुक्याच्या गावी, ‘क’ वर्ग नगरपरिषदेचा मुख्याधिकारी म्हणून तू रुजू झाल्याचे समजले. ज्याचे वडील पालिकेत वॉल्व्हमन होते तो मुलगा आज पालिकेच्या मुख्य खुर्चीवर बसला, याचा आनंद मला नीट लिहिता येणार नाही, म्हणून तो प्रयत्न सोडून देतो. चारचौघांत मी यापुढे तुला ‘साहेब’च म्हणेन, पत्रात मात्र जुन्या हक्काने ‘तू’ म्हणतो. पहिल्या सहा महिन्यांत नेमके काय पाहावे, असे तू फोनवर विचारले होतेस. मी जकात नाक्यावर कारकून म्हणून लागलो आणि 34 वर्षांनी कार्यालय अधीक्षक म्हणून बाहेर पडलो. मुख्याधिकारी कधीच नव्हतो. तेव्हा हे सारे खालच्या टेबलावरून दिसलेले आहे, एवढे लक्षात ठेवून वाच.

सुरुवात पाण्यापासून कर, आणि कार्यालयात बसून करू नकोस. पहाटे वॉल्व्हमनबरोबर जलकुंभावर जा आणि पाणी सोडल्यापासून शेवटच्या गल्लीत पोहोचेपर्यंत त्याच्यासोबत फीर. आपल्याकडच्या बहुतेक गावांना रोज पाणी मिळत नाही. चाळीसगाव, भडगाव, पाचोरा ही गिरणेच्या पाण्यावरची गावे धरणाच्या आवर्तनाकडे, म्हणजे तिथून ठरावीक वेळी सुटणाऱ्या पाण्याकडे, डोळे लावून असतात, पारोळ्याची भिस्त बोरीवर आहे, आणि तापीकाठच्यांचे लक्ष नदीतल्या डोहाच्या पातळीकडे असते. गिरणा धरण नाशिक जिल्ह्यात, नांदगाव तालुक्यात आहे. तिथून सोडलेले पाणी मे महिन्यात तापलेल्या, कोरड्या वाळूतून येते आणि त्यातला बराच भाग ती वाळूच पिऊन टाकते. म्हणून उद्भव विहिरीत, म्हणजे जिच्यातून गावासाठी पाणी उपसतात तिच्यात, दहा-बारा दिवसांचे पाणी शिल्लक असतानाच आवर्तनाची मागणी गेली पाहिजे. विहिरीचा तळ दिसू लागल्यावर पाठवलेल्या पत्राचा उपयोग फक्त वर्तमानपत्राला होतो. पिण्याच्या पाण्याचे आरक्षण पावसाळा संपता संपता, ऑक्टोबरमधल्या धरणसाठ्यावरून ठरते. त्यासाठी लागणारे आकडे, म्हणजे लोकसंख्या, दररोजचा उपसा, गळती आणि मागील वर्षाची उचल, सप्टेंबरातच तुझ्या सहीने गेलेले असावेत. हे काम नीरस आहे, पण पुढचा उन्हाळा त्यावर अवलंबून असतो.

आता अनुभवाची गोष्ट सांगतो. एका दुष्काळी वर्षी आम्ही नवव्या दिवशी पाणी देत होतो. भागाभागाचे वार आणि वेळा फळ्यावर लिहिल्या होत्या, घंटागाडीच्या भोंग्यावरून सांगितल्या होत्या, आणि काही झाले तरी त्या मोडायच्या नाहीत असे ठरले होते. त्या वर्षी पालिकेवर एकही हंडा मोर्चा आला नाही. पुढे दोन-तीन वर्षांनी पाऊसकाळ बरा झाला आणि आम्ही चौथ्या दिवशी पाणी देऊ लागलो, पण वेळ कोणाच्याच हातात राहिली नाही. कधी पहाटे तीनला, कधी भर दुपारी, कधी नगरसेवकाच्या घरी लग्न म्हणून त्याच्या गल्लीला आधी. त्या वर्षी बायकांनी रिकामे हंडे आणून माझ्या टेबलासमोर मांडले. पाणी कमी आहे हे आपला माणूस समजून घेतो, कारण विहीर आटताना त्याने स्वतः पाहिलेली असते. मजुरीचा खाडा करून नळाजवळ बसले आणि नळ कोरडाच राहिला, हे तो विसरत नाही.

रोज पाणी येत नाही म्हणून लोक ते साठवतात, आणि या साठवणीतून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती आरोग्य विभागाच्या नस्तीत, म्हणजे फाइलीत, पडून असल्यामुळे पाणी विभाग तिच्याकडे पाहत नाही. आठ दिवसांनी पाणी येणार म्हटल्यावर प्रत्येक घरात टाक्या, ड्रम, रांजण भरलेले राहणार. डेंग्यूचा डास याच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे आपले पाणी-वेळापत्रक आणि डासाचे आयुष्य एकमेकांच्या सोयीचे आहे. फवारणीचा धूर लोकांना आवडतो, कारण तो दिसतो. पण पाणी येण्याच्या आदल्या दिवशी भांडी रिकामी करून घासून कोरडी करण्याचे घरोघर जाऊन सांगणे अधिक उपयोगी पडते. कोरडा दिवस आणि पाण्याचा दिवस हे दोन्ही एकाच फळ्यावर लिहायला लाव.

पाण्याविषयी जास्त लिहिले, कारण तिथे लिहिण्यासारखे जास्त आहे. आता पैशांकडे येतो.

मी नोकरीला लागलो तेव्हा हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांची रांग नाक्यावर रात्रभर हलत नसे, आणि सकाळी भरणा झाला की त्यातून पगार निघत असे. 1999 साली नगरपरिषदांची जकात गेली. तिच्या बदल्यात शासनाचे सहायक अनुदान आले, आणि तेव्हापासून पगाराची तारीख मुंबईहून येणाऱ्या आदेशावर ठरू लागली. जकातीत खाबूगिरी होती, हे मी नाक्यावर बसलेला माणूस म्हणून नाकारणार नाही. परंतु स्वतःचे उत्पन्न असण्याची जी सवय पालिकांना होती ती त्याबरोबर मोडली. आता हातात मुख्यतः मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे आणि आठवडे बाजाराची फी एवढेच उरते, आणि या चारही ठिकाणी वसुलीचा प्रश्न गरिबांपेक्षा बड्यांचा अधिक असतो. थकबाकीची यादी रकमेच्या उतरत्या क्रमाने काढायला सांग. पहिली पंचवीस नावे वाचलीस की गावाचे राजकारण निम्मे कळेल.

वसुलीची मोहीम सर्वत्र फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, ढोल वाजवले जातात, नळ तोडले जातात. माझे मत वेगळे आहे. आपल्या भागात कापूस विकून माणसाच्या हाती पैसा येतो तो दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. मार्च उजाडेपर्यंत तो पैसा सावकार, सोसायटी आणि लग्नाची बोलणी यांत वाटला गेलेला असतो. वर्षाच्या सुरुवातीलाच बिले घरोघर पोहोचली आणि वसुली लिपिक कापसाच्या दिवसांत दारात उभा राहिला, तर शास्ती, म्हणजे थकबाकीवरचा दंड, लावण्याची वेळच अनेकांवर येणार नाही. ही शास्ती दरमहा दोन टक्के आहे. तीन-चार वर्षांत ती मूळ रकमेच्या जवळ जाते, आणि मग थकबाकीदार शास्ती माफ करणाऱ्या अभय योजनेची वाट पाहत बसतो. दर चार वर्षांनी होणाऱ्या फेर-आकारणीत हरकतींची सुनावणी मात्र मनापासून घे. वर दुसरा मजला चढलेला असताना कागदावर पत्र्याची खोली असलेली घरे तुला सापडतील, आणि पडून गेलेल्या घराचा कर भरत राहिलेल्या विधवाही सापडतील.

जो पैसा बाहेरून येतो त्याची बंधने पाठ कर. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 2021 ते 2026 या काळात साठ टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बांधलेली होती. तरीही ती रस्त्यावर टाकावी असा आग्रह माझ्यासमोर अनेकदा धरला गेला, आणि लेखापालाने कानावर हात ठेवले तर शेवटी आक्षेप मुख्याधिकाऱ्याच्याच नावावर निघतो.

सभेविषयी. प्रशासकाची राजवट लांबली त्या काळात पालिकांना सभेची सवय उरलेली नाही. ठराव म्हणजे एका माणसाने केलेली सही, असे नव्या लिपिकांना वाटू लागले आहे. आता निवडून आलेली मंडळी समोर बसली की आवाज चढतील. त्या आवाजाला भिऊ नकोस आणि तो तुच्छही मानू नकोस, कारण ज्या गल्लीत तू वर्षातून एकदा जाशील तिथे नगरसेवकाला रात्री अकरालाही उत्तर द्यावे लागते. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे सर्वसाधारण सभेची सूचना पूर्ण सात दिवस आधी द्यावी लागते, आणि ही मुदत ज्याला अडचणीची वाटते तो ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या शेवटच्या ओळीचा आसरा घेतो. पालिकेतले बहुतेक वादग्रस्त ठराव याच ओळीतून आत शिरलेले मी पाहिले. ऐनवेळच्या विषयावर टिप्पणी नसते, दरपत्रक नसते, तरतूद पाहिलेली नसते. असते ती फक्त घाई. तेव्हा ऐनवेळी विषय आला की त्यावर प्रशासनाचे मत तिथेच, लेखी नोंदवायला सांग, आणि इतिवृत्त सभा संपल्यावर दोन दिवसांत तयार करून घे. इतिवृत्त महिनाभर उघडे राहिले की त्यात वाक्ये वाढतात. माझ्याच हातून एकदा, वरिष्ठांच्या तोंडी सांगण्यावरून, एका ठरावात ‘व तदनुषंगिक कामे’ एवढे तीन शब्द सभेनंतर घातले गेले. पुढे त्या तीन शब्दांवर जे देयक निघाले ते मूळ कामाहून मोठे होते, आणि चौकशीत मला दोन वर्षे हेलपाटे पडले. सांगणारे साहेब तोवर बदलून गेले होते. ठराव बेकायदा वाटला तर कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवण्याचा मार्ग आहेच, परंतु तो वापरण्यापूर्वी नगराध्यक्षांना आपल्या दालनात बसवून, चहा देऊन, काय पाठवतो आहेस ते आधी सांग. पाठीमागून गेलेल्या पत्राचा राग वर्षानुवर्षे राहतो.

बांधकामाच्या देयकावर सही करण्यापूर्वी मोजमाप पुस्तिका, म्हणजे आपली एम.बी., घेऊन त्या गल्लीत जा. सगळ्याच कामांवर जाणे जमणार नाही. महिन्यात दोन कामांवर गेलास, आणि कोणत्या दोन ते आधी कोणाला सांगितले नाहीस, तरी बाकीची कामे बऱ्यापैकी सरळ होतात. विशेषतः वाढीव हद्दीतल्या वसाहती पाहा. कालपर्यंत जिथे कपाशी होती तिथे आज भूखंड पाडून विकलेले असतात. मंजूर नकाशात गटार असते, मोकळी जागा असते, बारा मीटरचा रस्ता असतो, आणि जागेवर आपली काळी माती असते, जी जूनच्या पहिल्या पावसात दुचाकीची चाके धरून ठेवते. विकासकाने रस्ते-गटारे करून दिल्याशिवाय वसाहत ताब्यात घेऊ नकोस, कारण एकदा घेतली की तो चिखल कायमचा पालिकेचा होतो. नालेसफाई मेअखेर संपली पाहिजे, आणि काढलेला गाळ त्याच दिवशी उचलला पाहिजे, नाहीतर काठावर वाळत ठेवलेला गाळ पहिल्या सरीबरोबर नाल्यात परत जातो आणि ठेकेदाराचे देयक तेवढे निघालेले असते.

जन्म-मृत्यूचे दाखले, नावनोंदणी, ना-हरकत या खिडक्यांविषयी फार लिहीत नाही. लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून आहे, मुदती भिंतीवर लावलेल्या असतात. आठवड्यातून एकदा त्या खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, रांगेत, दहा मिनिटे उभा राहा. एवढेच सांग की पालिकेचा कर-उतारा म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. भावाभावांची निम्मी भांडणे या एका गैरसमजातून आपल्या कार्यालयात येतात.

शेवटी माणसांविषयी, आणि इथे मला तुझ्या वडिलांकडे यावे लागते. आपल्याकडे त्या पिढीतल्या कितीतरी जणांची शाळेत घातलेली जन्मतारीख 1 जून आहे, त्यामुळे दरवर्षी 31 मे रोजी पालिकेतली माणसे घोळक्याने निवृत्त होतात; म्हणजे टंचाई ऐन भरात असताना, गावाच्या जमिनीखाली काय आहे हे जाणणारी माणसे हार-नारळ घेऊन घरी जातात. तुझे वडील असेच गेले. त्यानंतर वर्षाच्या आतच एकदा नव्या मुलाने जुन्या वेशीजवळचा वॉल्व्ह सवयीप्रमाणे उजवीकडे आवळला, आणि तो वॉल्व्ह उलट्या आट्याचा असल्यामुळे बंद होण्याऐवजी पूर्ण उघडला. रात्रीतून अर्धा जलकुंभ एकाच गल्लीत रिकामा झाला. आम्ही सकाळी तुमच्या दारात उभे. ते काही न बोलता सायकलवर आले, वॉल्व्ह फिरवला, आणि खिशातून एक लहान वही काढून माझ्या हातात दिली. तीत गावातल्या प्रत्येक वॉल्व्हची जागा, किती आटे, कोणत्या बाजूला, कुठली जुनी बिडाची नळी कोणत्या घराच्या ओट्याखाली गेली, हे सारे पेन्सिलने लिहिलेले होते. त्याच माणसाचे उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, आणि रजेचे पैसे त्या वेळी आमच्या कार्यालयात अकरा महिने अडकलेले होते, आणि नस्ती ज्या टेबलांवर फिरत होती त्यांतले एक टेबल माझे होते. त्यांनी त्या सकाळी तो विषय काढला नाही.

तेव्हा या आठवड्यात दोन याद्या मागव. निवृत्त आणि मयत कर्मचाऱ्यांच्या थकीत देण्यांची एक, आणि येत्या 31 मे रोजी जाणाऱ्यांची दुसरी. दुसऱ्या यादीत वॉल्व्हमन, फिटर किंवा जुना मुकादम असेल तर एका अभियंत्याला महिनाभर त्याच्यासोबत फिरायला लावून नकाशा करून घे.

ती वही माझ्याकडे आहे. पालिकेला मी तिची प्रत दिली आणि मूळ ठेवून घेतली, ते नियमात बसत नाही हे मला ठाऊक आहे. दिवाळीला आईकडे येशील तेव्हा माझ्याकडूनही जा, म्हणजे ती तुझ्या हाती देईन. आईंना नमस्कार सांग.

तुझा,
काका