सपाट म्हणून सोपं समजू नकोस

पूर्व कोलोराडो सपाट आहे, नकाशा वाचणं पटकन उरकेल असं वाटतंय ना? तिथंच माणूस फसतो. यूएसजीएस म्हणजे अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं; त्याची १:२४,००० प्रमाणाची जुनी नकाशाशीट आधी उघड. तुटक निळी रेघ आणि मध्ये तीन ठिपके म्हणजे नदी नव्हे, पावसापुरता ओढा. बंद समोच्च रेषेला (समान उंचीची ठिकाणं जोडणारी रेषा) आतून दाते असतील तर तो खळगा. मी पहिल्या वर्षी टेकडी समजलो होतो! ‘विंडमिल’ लिहिलंय तिथं पवनचक्कीनं उपसलेलं गुरांचं पाणी, पण चालू असेलच असं नाही. एकदा तहानलेला पोचलो, तर गंजकी टाकी आणि तळाला वाळकं गवत. सेक्शनच्या, म्हणजे सरकारी मोजणीत पाडलेल्या चौकोनांच्या, रेषा साधारण मैलावर असतात, कुंपणंही बहुधा त्यांवरच, म्हणून अंतराचा अंदाज त्यांवरून घे. रानात शिरण्याआधी मालकाला विचार. फाटक मात्र जसं सापडलं तसंच ठेव: उघडं तर उघडं, बंद तर बंद.