खाडीकाठच्या हवालदारांविषयी लिहिताना

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद. तुझा कच्चा मजकूर दोनदा वाचला. आपल्या हवालदारांवरचा लेख येत्या पोलीस स्मृतिदिनी गावाच्या स्मरणिकेत यावा, ही तुझी तळमळ त्यात पानोपानी दिसते आणि त्यांच्याबरोबर काही वर्षे नोकरी केलेला माणूस म्हणून मला त्याचे फार समाधान वाटले. तरीही एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. तुझ्या चार पानांपैकी साडेतीन पाने त्यांच्या मृत्यूची आहेत. नाकाबंदी तोडून ती मोटार त्यांच्या अंगावर आली, तो प्रसंग काही क्षणांचा होता. त्याआधीची सारी नोकरी त्यांनी या किनाऱ्यावर केली, आणि तिच्यासाठी तू अर्धे पान ठेवले आहेस.

प्रथम एक दुरुस्ती. स्मृतिदिनाचा संबंध तू १९६२च्या युद्धाशी जोडला आहेस, तो चुकीचा आहे. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैनिकांच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे १० जवान मारले गेले, त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस पाळला जातो. त्या दिवशी वर्षभरात कर्तव्यावर मरण पावलेल्या देशभरातील पोलिसांची नावे वाचून दाखवतात. त्या यादीत आपल्या माणसाच्या वाट्याला काही अक्षरे येतात, म्हणूनच तुझ्या लेखाला महत्त्व आहे.

वाचकाला आधी ते कुठे उभे होते ते दाखव. आरोंद्याला तेरेखोलची खाडी ओलांडली की पलीकडे किरणपाणी, म्हणजे गोवा. तिकडे दारूवरचा कर कमी असल्याने तीच बाटली इकडे आणून विकली की चार पैसे सुटतात, आणि मुख्य महामार्गावर बांद्याच्या बाजूला तपासणी कडक झाली की हा माल आतल्या, वळणावळणांच्या रस्त्यांनी निघतो. अशा रस्त्यावर, मुसळधार पावसात, रेनकोट घालून आणि बॅटरी हलवीत, समोरून येणाऱ्या अनोळखी वाहनाला हात करून थांबवायचे, हे त्यांचे रात्रीचे काम होते. चालकाने वेग कमी केला तर ठीक. न केल्यास बाजूला उडी मारायला वेळ मिळेलच असे नसते, हे नाकाबंदीला उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. ते दुसऱ्या रात्री पुन्हा उभे राहत असत. माझ्या मते तुझ्या लेखाचा गाभा येथे आहे.

बीट हवालदाराचा दिवसही लिही. गावभेटी, पोलीस पाटलांकडून येणाऱ्या खबरी, समन्स बजावणे, गणपतीला चाकरमानी आले की सामाईक जमिनीवरून भावकीत पेटणारे वाद, जत्रेतील मानपान, आणि दशावतार संपेपर्यंत रात्रभर देवळाच्या आवारातला बंदोबस्त. १९९३ साली रायगडच्या किनाऱ्यावर, शेखाडी आणि दिघीला, स्फोटके उतरली. २००८ साली दहशतवादी समुद्रमार्गेच मुंबईत आले. त्यानंतर किनाऱ्यावरच्या पोलिसाला मच्छीमारांचा विश्वास मिळवणे हेसुद्धा काम होऊन बसले. तो विश्वास हुकमाने मिळत नाही. त्यांना पाहून रापणकर मंडळी स्वतःहून हाक मारीत, "हवालदारानू, च्याय घेवन जावा," हे मी अनेकदा ऐकले आहे. हे वाक्य प्रमाण मराठीत बदलू नकोस.

तुकाराम ओंबळे यांच्याशी तुलना केली आहेस ती ठेवायची असेल तर जपून ठेव. जावळी तालुक्यातील केडंबे गावचा तो माणूस गिरगाव चौपाटीवर हातात केवळ लाठी घेऊन उभा होता आणि त्याने कसाबच्या बंदुकीची नळी सोडली नाही. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. आपल्या हवालदारांना कोणाची बंदूक धरण्याची वेळ आली नव्हती, आणि ती आली असती तर काय झाले असते याची कल्पना लेखात करू नये.

माहिती गोळा करताना त्या रात्री त्यांच्यासोबत असलेल्या होमगार्डला आधी भेट. तो आजवर कोणाशी फारसे बोललेला नाही, म्हणून घाई करू नकोस. ठाण्याच्या अधिकाऱ्यांना रीतसर अर्ज देऊन तारीख, वेळ आणि ठिकाण नोंदींवरून पडताळून घे. आरोपीवरचा खटला चालू आहे, तेव्हा त्याचे नाव, गाव, जात यांपैकी काहीही लिहू नकोस. मला माहीत आहे की गावात राग आहे, मलाही आहे.

वहिनींकडे, म्हणजे हवालदारांच्या पत्नीकडे, सर्वांत शेवटी जा. "त्या रात्री तुम्हांला काय वाटले?" हा प्रश्न विचारू नकोस. डबा किती वाजता भरत असत, गणवेश कोण इस्त्री करी, रजा मंजूर झाली नाही ते सण कोणते, हे विचार.

एका सहकाऱ्याच्या शोकसभेसाठी मी पूर्वी मोठा मजकूर लिहिला होता, शौर्य आणि बलिदान यांनी भरलेला. त्यात त्याच्या गावाचे नाव चुकले होते. त्याच्या पत्नीने तो कागद नंतर मला परत दिला तेव्हा गावाचे नाव पेनाने खोडून नीट लिहिलेले होते, आणि बाकी मजकुराविषयी त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

म्हणून छापायला देण्यापूर्वी तुझा लेख वहिनींना त्यांच्या पडवीत बसून सावकाश वाचून दाखव, आणि जाताना पेन बरोबर ने.

तुझा,
काका