'रुमाल' आणि 'दप्तर': कापडावरून कागदावर आलेले दोन शब्द

प्रश्न असा आला आहे: मराठ्यांच्या इतिहासावरच्या पुस्तकांत तळटिपेला 'पुणे पुराभिलेखागार, घडणी, रुमाल क्र. अमुक, पुडके क्र. तमुक' असे छापलेले असते. हा रुमाल म्हणजे खिशातलाच का? 'पेशवे दफ्तर'मधले दफ्तर आणि पोरांच्या पाठीवरचे दप्तर यांचे नाते काय? आणि लिहायचे कसे, 'फ' की 'प'?

रुमाल खिशातलाच. फारसीत 'रू' म्हणजे चेहरा, आणि 'माल' हे 'मालीदन' म्हणजे चोळणे, पुसणे या धातूतून आलेले. आपली 'मालिश' त्याच धातूची. म्हणजे मुळात तोंड पुसायचे फडके. पण मराठीने त्याला तोंडापुरते ठेवले नाही. चौकोनी कापड तो रुमाल, मग तो डोक्याला गुंडाळा नाहीतर त्यात कागद बांधा. पुढची पायरी आपण रोजच चढतो: 'दोन ताटे वाढली', 'एक पोते ज्वारी' म्हणताना भांड्याचे नाव आतल्या वस्तूला देतो. तसे कागद बांधायच्या कापडाचे नाव बांधलेल्या गठ्ठ्याला लागले. उत्तरेतला 'बस्ता' याच वाटेने आला. तो 'बस्तन', म्हणजे बांधणे, यातून निघालेला, अर्थ 'बांधलेले'. तिकडे बस्त्यात कागद असतात, आपल्याकडे लग्नाचे कपडे. 'बस्ता बांधला' म्हणताना बांधण्याची क्रिया दोनदा येते, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

आता तळटीप वाचायची कशी. 'पुणे पुराभिलेखागार' म्हणजे जुने सरकारी कागद सांभाळणारे कार्यालय, आणि 'घडणी' हा तिथल्या पेशवे दफ्तराचा विभाग. शाहू दफ्तर, रोजकीर्द, प्रांत अजमास, चिटणिसी हेही असेच विभाग. विभागात रुमाल, रुमालात पुडकी, पुडक्यात कागद. इथे एक चूक वारंवार होते. रुमाल हे माप धरून लोक गुणाकार करतात: इतके रुमाल, प्रत्येकात इतके कागद, म्हणून एकूण इतके. रुमालात किती कागद असावेत याचा नियम नाही. एकात जाड हिशेबी बंद, तर दुसऱ्यात चिठ्ठ्याचपाट्या. रुमाल हा कागदाचा पत्ता आहे, वजन नव्हे. म्हणूनच एका पुडक्यातला कागद वाचून चुकून दुसऱ्यात गेला, की तो हरवल्यातच जमा. तो असतो त्याच इमारतीत, पण छापलेल्या पत्त्यावर सापडत नाही.

दुसरा घोटाळा नावाचा. 'पेशवे दफ्तर' या नावाने दोन गोष्टी ओळखल्या जातात. एक म्हणजे पुण्यातला मूळ कागदांचा साठा. दुसरी म्हणजे इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडून १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध केलेले ४५ छापील खंड. संदर्भात 'खंड' आणि 'लेखांक' दिसले तर ते छापील पुस्तक, 'रुमाल' आणि 'पुडके' दिसले तर मूळ कागद. लिहिताना हा फरक स्पष्ट करावा. छापलेला कागद हा निवडलेला असतो, आणि त्याच्या मागचे-पुढचे कागद रुमालातच राहिलेले असतात.

रुमालाच्या कापडाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण नाव त्याचेच आहे. ते सुती, बिनरंगी आणि धुतलेले असावे. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते. ती खळ कसरीला आणि झुरळांना खाद्य होते, म्हणून खळ पूर्ण जाईपर्यंत कापड धुवायचे आणि कडक वाळवूनच वापरायचे. रंगीत कापड एका पावसाळी गळतीत आतल्या कागदावर रंग सोडते. गाठ घट्ट मारली की कापड कागदाच्या कडांवर रुतते आणि कडा मुडपून तिथेच तुटतात. गठ्ठ्याच्या वर-खाली पुठ्ठा ठेवला तर ताण पुठ्ठ्यावर जातो, पण तो आम्लरहित हवा. साधा पिवळा पुठ्ठा काही वर्षांत कागदालाच पिवळा करतो.

मोडी कागदांची एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. बोरूने लिहिलेली शाई काजळीची. काजळी म्हणजे कार्बन. तो उन्हाने उडत नाही आणि कागदाला खातही नाही, म्हणून अडीचशे वर्षांची ओळ आजही काळीभोर दिसते. पण ही काजळी कागदावर धरून ठेवतो तो डिंक, आणि डिंक पाण्यात विरघळतो. धूळ पुसायला ओले फडके लावले की अक्षर पसरते. म्हणून मऊ कोरडा ब्रश घ्यायचा आणि मधून कडेकडे झाडायचे. इंग्रजी अमदानीतल्या फायलींचे दुखणे उलटे. त्यांतली लोहयुक्त शाई आम्लधर्मी. ती आधी तपकिरी होते, मग ओळीच्या ओळी कुरतडून कागदाला जाळी पाडते.

आता दप्तर. या शब्दाचा प्रवास आणखी लांबचा. ग्रीकमध्ये 'दिफ्थेरा' म्हणजे कमावलेले कातडे. त्यावर लिहीत, म्हणून लिहिण्याचे साधन, मग फारसी-अरबीत 'दफ्तर' म्हणजे वही, नोंदपुस्तक. घटसर्पाला 'डिफ्थेरिया' म्हणतात तेही याच शब्दावरून, कारण त्या रोगात घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो. मराठीत दफ्तर म्हणजे आधी नोंदी, मग त्या नोंदींचा साठा आणि तो सांभाळणारे खाते. 'दफ्तरदार' हे आडनाव तिथूनच आले. कागद फडक्यात बांधून ठेवायचे, तशीच पाटी-पुस्तकेही फडक्यात बांधून पोरे शाळेत नेत. ते बांधलेले गाठोडे झाले 'दप्तर'. पुढे फडके गेले, पिशवी आली, नाव राहिले. सरकारी अर्थ मात्र 'दप्तरी दाखल' आणि 'दप्तरदिरंगाई'त अजून नांदतो आहे.

राहिला 'फ' की 'प'. 'हफ्ता'चा आपण 'हप्ता' केला, तसाच 'दफ्तर'चा 'दप्तर'. 'त'च्या आधीचा 'फ' मराठी जिभेवर 'प' होतो, त्यात अशुद्ध काही नाही. शाळेचे ते दप्तरच लिहावे, तिथे 'दफ्तर' परके वाटते. कचेरीच्या अर्थाने दोन्ही रूपे चालतात. ग्रंथाचे किंवा संग्रहाचे नाव मात्र जसे छापले आहे तसेच ठेवावे: 'पेशवे दफ्तर'. ते 'सुधारून' दप्तर केले, तर ग्रंथालयाच्या संगणकावर शोधणाऱ्याला ते ४५ खंड सापडणार नाहीत.