मशीन आणली म्हणजे इनोव्हेशन झालं का? वाचकांचे प्रश्न

बदलत्या अर्थव्यवस्थांमधल्या छोट्या उद्योगांबद्दल तेच तेच प्रश्न येतायत, म्हणून एकत्रच उत्तरं देते.

प्रश्न: ट्रान्झिशन इकॉनॉमी म्हणजे गरीब देशच ना?

नाही. सरकारी नियोजनाकडून बाजाराकडे वळलेले देश, उदा. पोलंड, एस्टोनिया, व्हिएतनाम.

प्रश्न: तिथल्या छोट्या कंपन्यांकडे आर अँड डी म्हणजे संशोधन-विकास नसतं, बाहेरून मशीन आणतात, त्याला इनोव्हेशन कसलं म्हणायचं?

हे ऐकीव मत मला सगळ्यात जास्त खटकतं. इनोव्हेशन कसं मोजायचं ते सांगणारं ऑस्लो मॅन्युअल बघा, वस्तू किंवा कामाची पद्धत त्या कंपनीच्या आधीच्यापेक्षा बरीच वेगळी हवी आणि ती खरंच बाजारात किंवा वापरात आलेली हवी, बस, जगात पहिली असायची अट नाहीये. पोलंडमध्ये डिसेंबर १९८८ च्या कायद्याने कुणालाही धंदा सुरू करायची मोकळीक मिळाली, १९९० च्या जानेवारीत बहुतेक किमती खुल्या झाल्या, आणि जे लोक टंचाईच्या काळात बनेल तो माल खपतोच अशा सवयीत वाढले होते त्यांना अचानक गिऱ्हाइकाला काय हवंय ते विचारायची वेळ आली, हे शिकणंच केवढं मोठं होतं! पण नुसती मशीन आणून थांबलात तर काहीच झालं नाही हेही तितकंच खरं. कामगारांना शिकवलं का, परत येणारा माल कमी झाला का, तक्रारींवरून डिझाइन बदललं का? कुठल्या योजनेसाठी हे इनोव्हेशन म्हणून दाखवायचं असेल तर त्या योजनेची व्याख्या जाणकाराकडून तपासून घ्या.

प्रश्न: युरोपियन युनियनमधल्या छोट्या कंपनीसाठी एक कन्सल्टंट ग्रँटची गॅरंटी देतोय, टक्केवारी मागतोय. देऊ का?

अजिबात नको. अर्ज निवडणारा तो नाही, मग गॅरंटी कसली देतो? आणि अडीचशेपेक्षा कमी माणसं आहेत एवढ्यावर कंपनी छोट्या-मध्यम गटात बसत नाही, उलाढाल किंवा ताळेबंदही बघतात, शिवाय मालकीने जोडलेल्या कंपन्यांचे आकडे धरले जातात, तिथेच बरेच जण फसतात. ज्याला कमिशन नाही अशा अकाउंटंटला विचारा.

प्रश्न: नवं प्रॉडक्ट आधी प्रदर्शनात दाखवतो, पेटंट नंतर बघू. चालेल?

युरोपियन पेटंटला नाही चालणार, अर्जाआधी सगळ्यांसमोर आलं की नवेपणा गेला. काही देशांत थोडी सवलत असते पण तिच्या भरवशावर राहू नका, प्रदर्शनाचा स्टॉल बुक करायच्या आधी पेटंट वकील गाठा. आधीच दाखवून झालं असेल तर आजच फोन करा.