अमावास्या सरली, कोर दुपारीच धरायची : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चंद्रदर्शनाच्या संध्याकाळची कोर गच्चीवरून काढली आहे. आता त्याहून कोवळी, भरदिवसा काढायची आहे. किती कोवळी मिळेल? (वाचक, कासारवडवली)

उत्तर : ज्या कॅलेंडरवर चंद्रदर्शन बघितलंत, तिथेच अमावास्या समाप्तीची वेळ असते. सूर्य आणि चंद्र आकाशातल्या एकाच रेखांशावर येतात तो हा क्षण. कोरीचं वय इथून मोजायचं. तिथी म्हणजे दोघांच्या रेखांशातलं 12 अंशांचं अंतर. म्हणजे प्रतिपदा संपते तेव्हा चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे गेलेला असतो, आणि सूर्यसिद्धान्तानेही चंद्र दिसू लागण्यासाठी हेच 12 अंश धरले आहेत. दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन आपल्याला याच्या आत शिरायचं आहे.

किती आत? तिएरी लेगो या फ्रेंच छायाचित्रकाराने 8 जुलै 2013 रोजी ऐन अमावास्येच्या क्षणी कोर टिपली. तेव्हा चंद्र सूर्यापासून 4.4 अंशांवर होता. चंद्राची कक्षा सुमारे 5 अंशांनी कललेली असल्यामुळे तो बहुतेक अमावास्यांना सूर्याच्या थोडा वरून किंवा खालून जातो, म्हणून हे शक्य झालं. पण लगेच त्याच्या मागे लागू नका. 20 अंशांपासून सुरुवात करा, तिथे चंद्राचा 3 टक्के भाग उजळलेला असतो. मग 15, मग 10. चंद्र सूर्यापासून तासाला साधारण अर्धा अंश लांब जातो, तेव्हा हिशेब सोपा आहे. एक मेख मात्र आहे. पंचांगातलं अंतर पृथ्वीच्या केंद्रावरून धरलेलं असतं, ठाण्यातून ते जवळजवळ अंशभर इकडेतिकडे होऊ शकतं. स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आपलं गाव टाकून खात्री करून घ्या.

प्रश्न : सूर्य इतका जवळ असताना दुर्बीण रोखायची भीती वाटते. सोलर फिल्टर लावून कोर दिसणार नाही का? (वाचिका, खारघर)

उत्तर : नाही दिसणार. तो फिल्टर लाखातला एखादाच भाग प्रकाश आत सोडतो, त्यात कोर कुठल्या कुठे जाते. आणि भीती वाटते ते उत्तमच आहे. आयपीसला डोळा लावायचा नाही, काम फक्त कॅमेऱ्याने. फाइंडरला (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला) टोपण घाला, किंवा सरळ काढूनच ठेवा. लहान मुलं आसपास असतील तर त्या दिवशी बेत रद्द.

खरा उपाय सावलीचा, आणि ती आपल्याकडे रग्गड आहे. अमावास्येनंतरची कोर सूर्याच्या मागून येते. दुपारनंतर पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं, तर सूर्य उजवीकडे खाली सरकत असतो आणि चंद्र त्याच्या डावीकडे वर असतो. एखाद्या टॉवरच्या डाव्या कडेमागे सूर्य नुकताच गेला असेल अशी जागा हेरा. सूर्य आणखी आत जात राहतो, चंद्र मात्र अजून मोकळ्या आकाशात. 12 अंशांचं अंतर असेल तर पाऊण तासाच्या आसपास वेळ हाती लागतो. अमावास्येआधीच्या सकाळच्या कोरीला हे उलटं होतं, सूर्य आडोशातून बाहेर येतो. म्हणून नवख्याने सकाळ टाळावी. मे महिन्याच्या मध्यावर दुपारी सूर्य आपल्या थेट डोक्यावर येतो, तेव्हा टॉवरची सावली मिळत नाही.

टॉवर नसेल तर नळी लांबवावी लागते. 80 मिलिमीटरच्या भिंगावर 10 अंशांवरचं ऊन पडू नये म्हणून पुढे सुमारे 45 सेंटीमीटरची काळी नळी हवी, 5 अंशांसाठी 90. म्हणूनच लेगोने दुर्बिणीपुढे भोक पाडलेला आडपडदा उभा केला होता. झाडाच्या सावलीवर विसंबू नका, पानं हलली की ऊन आत.

प्रश्न : डोळ्यांना दिसतच नाही, तर दुर्बीण रोखायची कुठे? (वाचक, ऐरोली)

उत्तर : सूर्याचाच आधार घ्यायचा. माउंटचा (दुर्बीण आपोआप फिरवणाऱ्या बैठकीचा) अक्ष होकायंत्राने उत्तरेला धरा आणि आपल्या अक्षांशाइतका, 19 अंश, वर उचला. सूर्य अजून उघड्यावर असताना, दुर्बिणीच्या तोंडाला सोलर फिल्टर पक्का बसवून, सूर्य चौकटीच्या मध्यावर आणा आणि माउंटला सांगा की हा सूर्य. सूर्याच्या कडेवर फोकस करा, स्क्रू आवळा. त्यानंतरच 'चंद्राकडे जा' ही आज्ञा. फिल्टर तसाच राहू द्या. सावली दुर्बिणीवर पूर्ण आली, की मगच काढा. हा क्रम बदलायचा नाही. (सोसायटीच्या सेक्रेटरीला आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर ऐन वेळी गच्चीची चावी शोधण्यात कोर जाते.)

प्रश्न : कॅमेऱ्यात नुसता पांढरा पडदा येतो. (वाचक, नेरूळ)

उत्तर : निळं आकाश कोरीला गिळतं. हवेत विखुरणारा प्रकाश तरंगलांबीच्या चौथ्या घाताने घटतो, त्यामुळे 850 नॅनोमीटरच्या अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, तांबड्यापलीकडच्या) प्रकाशात तो 450 च्या निळ्यापेक्षा बारा-तेरा पट कमी. तेव्हा अवरक्त फिल्टर आणि कृष्णधवल ग्रहकॅमेरा (ग्रहांचे फोटो काढायचा) घ्या. साध्या डीएसएलआरच्या आत अवरक्त अडवणारी काच असते, तो इथे कामाचा नाही. सूर्याच्या कडेवरचा फोकस मात्र हा अवरक्त फिल्टरही बसवूनच करायचा.

गेन (सेन्सरची संवेदनशीलता) कमी ठेवा, हिस्टोग्राम (उजळपणाचा आलेख) उजव्या टोकाला आपटू देऊ नका. शेकडो फ्रेम घ्या, दुर्बीण किंचित सरकवून कोऱ्या आकाशाच्याही घ्या. त्या वजा-भागाकार केल्याशिवाय सेन्सरवरचे धुळीचे डाग कोरीपेक्षा ठळक दिसतात. मग स्टॅक करून (फ्रेम एकावर एक रचून) काँट्रास्ट ताणा. 10 अंशांवर कोरीची सर्वांत जाड जागा जेमतेम 14 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) भरते, आणि दुपारची तापलेली हवा त्यातल्या 3-4 सहज पुसते. पडद्यावर जे उमटतं ते अखंड कंस नसतं. टोकांकडे डोंगरांच्या सावल्यांनी रेघ तुटते, मध्येच एखादा ठिपका सुटा उजळतो. तो डाग समजून पुसू नका.

प्रश्न : दुपारी कॅमेऱ्यात आली, म्हणजे संध्याकाळी डोळ्यांनी दिसेल ना? (वाचक, मुंब्रा)

उत्तर : तसं धरून चालू नये. कॅमेऱ्याची कोर अवरक्त प्रकाशातली आणि शेकडो फ्रेमांची बेरीज असते. 7 अंशांच्या आतली कोर दिसत नाही हे दांजों या शास्त्रज्ञाने पूर्वीच मांडलं आहे, आणि आपल्या खाडीकाठच्या क्षितिजावरल्या धुरक्यात त्याहून बरंच जास्त अंतर लागतं. चंद्र दिसण्यावर ठरणारा ईदसारखा धार्मिक निर्णय ज्यांचा त्यांनी करावा, माझा फोटो त्यात पुरावा म्हणून आणू नये.

प्रश्न : कोणता महिना बरा? येऊरच्या जंगलात जावं का? (वाचक, ठाणे पश्चिम)

उत्तर : जून ते सप्टेंबर विसरा. पाऊस सरल्यावर हवा धुतलेली असते ते दिवस सर्वांत चांगले. थंडीत धूळ आणि धुरकं साठतं, तेव्हा क्षितिजाजवळची कोर सोडून चंद्र उंच असतानाची वेळ निवडा. येऊरला मुद्दाम जाण्यात अर्थ नाही. दिव्यांचा उजेड दिवसा आड येत नाही, आणि तिथे टॉवर नाहीत.