कठीण काळात आभार मानायला शिकताना

सगळ्यात आधी हे: दुःखाबद्दल आभार मानायचे नाहीत, दुःखातही जे शिल्लक आहे त्याबद्दल मानायचे. नव्या माणसाची गल्लत बहुतेक इथेच होते, मग खोटं हसू आणि वर अपराधीपणा.

तक्रार असेल तर ती देवापाशीच करा. बायबलमधलं 13वं स्तोत्र ‘किती काळ?’ अशा आक्रोशाने सुरू होतं आणि सहाच वचनांत गाण्यावर येतं. तक्रार गिळून नव्हे, पुरती बोलून.

सध्या एवढंच:
- झोपण्यापूर्वी एकच गोष्ट लिहा, नेमकी. ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ चालणार नाही.
- देव जवळ वाटला नाही तरी प्रार्थना सोडू नका. भावना येते-जाते (थकव्यात तर हमखास जाते).

‘हे माझ्याच वाट्याला का?’ हा प्रश्न तूर्त राहू द्या. झोप-भूक उडाली असेल तर डॉक्टरांनाही भेटा; त्याने श्रद्धा उणी होत नाही.